डब्याला ताप येत नाही

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर, व्यासपीठावरील पाहुणे, आणि समोर बसलेल्या माझ्या सिस्टर, मावशी, लिफ्टवाले दादा, तुम्हा सर्वांना नमस्कार.

आठवतं का तुम्हाला, आपल्या औषधांच्या स्टोअरमध्ये पहिला स्कॅनर आला ती दुपार? गोळ्यांची खोकी बाजूलाच राहिली. कुणी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला, कुणी पावडरचा डबा, मावशींनी तर साबणाची नवी वडी आणली. बीप वाजलं की आपण टाळ्या पिटत होतो. आणि बारीक चणीची ती सिस्टर, जिला आपण चिमणी म्हणतो, तिने आपला तळहातच लाल उजेडाखाली धरला. म्हणाली, "बघू, मी कोण ते सांगतं का." स्कॅनर गप्प. "मुकं आहे मेलं." केवढे हसलो होतो आपण!

आज ती या सभागृहात नाही. मी फक्त गोड आठवणी सांगाव्यात, असं मला सुचवण्यात आलं होतं. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण उद्या तिची चौकशी आहे, आणि आजच्या या निरोपानंतर उद्या मी इथे नोकरीला नसेन. मग बोलायचं कधी?

स्कॅनर वाचतो त्या बारकोडच्या रेघांची मला पहिल्यापासून माया. कॉन्व्हेंटमध्ये मला सुवाच्य अक्षराचं बक्षीस मिळालं होतं, म्हणूनही असेल. म्हणतात, समुद्रकाठी बसलेल्या एका तरुणाने वाळूत बोटं ओढली आणि त्याला ही कल्पना सुचली. आधी नेमबाजीच्या पाटीसारखी वर्तुळं काढून पाहिली. छापताना शाई फाकली की ती बिघडायची. उभी रेघ शाई ओघळली तर फार तर लांब होते, वाचता येतेच. पांढरी पट्टी उजेड परत पाठवते, काळी गिळते, आणि त्यातून यंत्र आकडे जुळवतं. शेवटचा आकडा म्हणजे चौकीदार. आधीच्या आकड्यांशी त्याचं गणित जमलं, तरच बीप.

हे सगळं कशासाठी? किराणा दुकानातली रांग पुढे सरकावी म्हणून. डब्यावरून ती रेघ औषधाच्या खोक्यावर आली आणि खोक्यावरून पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीवर. औषध देण्याआधी ती पट्टी स्कॅन करायची, असा नियम. पण डब्याला ताप येत नाही. डबा घामाने भिजत नाही, कूस बदलत नाही, वाळून काटकुळा होत नाही. लहान मुलाच्या मनगटावर पट्टी इतकी वळते की कडेच्या रेघा उजेडात येतच नाहीत.

मग आपण काय केलं? प्रत्येक पेशंटच्या रेघांची जादा प्रत काढली आणि औषधांच्या ट्रॉलीच्या कडेला ओळीने चिकटवली. हात धरायला नको, झोपलेल्या पोराला उठवायला नको. कुठल्या वॉर्डात हे नव्हतं? राउंडला येणाऱ्यांपैकी कुणी ते पाहिलं नव्हतं? औषधं वेळेवर जातात म्हणून मुलांच्या वॉर्डाचं याच व्यासपीठावरून कौतुक झालं होतं.

त्या दिवशी चिमणीला खिडकीजवळच्या खाटेवरच्या मुलीला औषध द्यायचं होतं. प्रत स्कॅन झाली ती शेजारच्या खाटेची. चौकीदार झोपला नव्हता, बरं का. त्याने सगळं बरोबर वाचलं. दुसऱ्या मुलीचं. मुलीच्या आईने विचारलंही, "सिस्टर, रोज पांढरं असतं ना हिचं औषध?"

चिमणी म्हणाली, "मशीनने हो म्हटलंय, ताई."

संध्याकाळ व्हायच्या आत ती मुलगी गेली.

चिमणी परवा माझ्या घरी आली होती. चहाला तोंड लावलं नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मी बीप ऐकलं. आईचं नाही ऐकलं." ती स्वतःला निर्दोष म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण तिला दिलेल्या पत्रात लिहिलंय की तिने 'एकटीने, कुणाच्या नकळत' नियम मोडला. अध्यक्ष महोदय, ट्रॉली तर सगळ्यांच्या देखत वॉर्डभर फिरते. ती नकळत कशी फिरेल?

या घराने मला भाकरी दिली, मान दिला, मैत्रिणी दिल्या. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. समारंभात नको ते बोलले असेन, तर म्हातारीची जीभ सैल सुटली म्हणून पोटात घाला.

आता भेटवस्तूंचं. घड्याळ मुलांच्या वॉर्डात लावा. पेन स्टोअरमध्ये माझ्या जागी येणाऱ्या बाईंना. मावशी, ट्रॉल्यांवरच्या त्या प्रती कुणी सांगितलं तरी खरवडू नका. सगळ्या वॉर्डांच्या ट्रॉल्या उद्या चौकशीच्या खोलीत न्या. आणि सिस्टर, ज्यांनी ज्यांनी त्या चिकटवल्या, त्या आपापल्या ट्रॉलीमागे उभ्या राहा. हा पुष्पगुच्छ चिमणीला. ती फाटकाबाहेर थांबली आहे, तिला आत सोडलेलं नाही.

आणि मुलीच्या मनगटावरची पट्टी पाकिटात मोहोरबंद आहे. चौकशी झाली की ती तिच्या आईला द्या. तिने मागितली आहे. त्या रेघांखाली बारीक अक्षरात मुलीचं नाव छापलेलं आहे.