दारात नको

विद्यार्थिनी : पुन्हा गेला फोकस. तोंडाशी आलेला घास, ताई. पेशी दोन व्हायला लागली आणि पडद्यावर नुसतं धुकं.

ताई : मायक्रोस्कोपवर खापर फोडू नकोस हं. इतकी वर्षं मी सांभाळतेय त्याला. सगळ्या विद्यापीठाची कामं निमूट करतो बिचारा, तुझ्यावरच कशाला रुसेल?

विद्यार्थिनी : त्याला कुठे काय म्हणतेय? मला कारण कळलंय. दार. दार उघडलं की बाहेरची गार हवा आत येते, भिंग जरासं सरकायला तेवढी पुरते. आणि दार उघडतं कोण?

ताई : आपले ‘झालं का’ सर.

विद्यार्थिनी : मान आत घालतात, झालं का विचारतात, जातात. सकाळपासून तीनदा.

ताई : मग सांग त्यांना.

विद्यार्थिनी : गाइड आहेत ते माझे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? तुम्ही सांगा ना.

ताई : मी दारावर ‘आत येऊ नये’ अशी एवढी मोठी पाटी लावलीय, ती तरी वाचतात का? आणि पीएचडी तुझी आहे. उद्यापासून मशीन महिनाभर दुसऱ्या विभागाकडे. आज पेशी दोन होतानाची अख्खी फिल्म नाही मिळाली तर?

विद्यार्थिनी : तर प्रबंध अडकला. नोकरीवाले काही माझ्यासाठी थांबणार नाहीत.

ताई : मग कोणाला जास्त घाबरायचं ते तूच ठरव. ती बघ, कोपऱ्यातली पेशी. गोल व्हायला लागलीय.

(दार कुरकुरतं. आधी चष्मा आत येतो, मागून सर.)

सर : काय, झालं का?

विद्यार्थिनी : सर, आत या नाहीतर बाहेर थांबा. दारात नको.

सर : अं?

विद्यार्थिनी : तुम्ही दार उघडलं की फोकस जातो. रागवायचं असेल तर उद्या रागवा सर, आज नको.

सर : म्हणजे सकाळपासून मीच?

ताई : तुम्हीच.

सर : आणि मी बाहेर सगळ्यांना सांगत सुटलोय, हिचा हात अजून बसला नाही म्हणून. हे घ्या, लावलं दार. कुठे बसू?

ताई : त्या स्टुलावर. हलायचं नाही, बोलायचं नाही.

सर : श्वास चालेल?

ताई : बेतानं.

विद्यार्थिनी : थोडासाच हललाय फोकस. धरला. आता बघा, गुणसूत्रं मधोमध यायला लागलीत.

सर : ताई, पाय आखडला हो.

ताई : आखडू दे.

विद्यार्थिनी : ओळीनं उभी राहिली सगळी. सर, सरकली. निम्मी इकडे, निम्मी तिकडे. आता पेशीची कंबर आवळतेय.

ताई : कोणीतरी दार वाजवतंय.

सर : उघडू नका. कुलगुरू असले तरी उघडू नका.

विद्यार्थिनी : दोन झाल्या. सर, मिळाली. अख्खी फिल्म मिळाली.

ताई : अगं, डोळे पूस आधी. सर, विचारा आता तुमचा प्रश्न.

विद्यार्थिनी : झालं, सर. आता दार उघडलं तरी चालेल.

सर : बस गं जरा. घाई कसली आहे?