चांदीचं नाव

गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर बाटलीत औषध ओतत होता. खिडकीपलीकडच्या बाकावर एक म्हातारा गुराखी आणि शहरातून आलेली त्याची भाची नंबरची वाट बघत बसले होते.

"मामा, सिंहिणीनं आपली चांदी गाय खाल्ली आणि तू भाला घेऊन नुसता बघत राहिलास?"

"नुसता कशाला? तिला नाव दिलं."

"कुणाला?"

"सिंहिणीला. जी गाय मारली, तिचं नाव सिंहिणीला लागतं. वस्तीनं मिळून ठरवलंय. मग आपल्याच गाईच्या नावावर भाला कोण उगारणार?"

"म्हणजे आता ती चांदी? धन्य आहे तुमची! पोटच्या पोरीसारखी वाढवली होतीस तिला."

"म्हणून तर दोन दिवस रडलो. तिसऱ्या दिवशी गुरं पाण्यावर नेली, तर ही बया वाटेतच आडवी पसरलेली. आणि तोंडून सवयीनं निघून गेलं, 'चांदे, सरक गं.'"

"मग?"

"उठली. सावकाश बाजूला झाली. सगळा कळप तिच्यासमोरून गेला, एकही वासरू बुजलं नाही."

"काहीतरीच!"

"तुझ्या आईची शपथ. आणि तिच्यामागे झुडपातून तीन बछडे निघाले."

बाटली भरून औषध कंपाउंडरच्या बोटांवरून वाहत होतं.

"तीन?" भाचीचा आवाज एकदम खाली आला. "मामा, आपल्या चांदीला किती उपाय केले, पण वासरू काही झालं नाही रे."

"हो ना. झाली बघ शेवटी लेकुरवाळी."