सदर शिक्षक हजर आहेत

माझा जन्म बोदवडचा, वडील स्टेशनावर हमाली करायचे, घरात पहिला शिकला तो मी, म्हणून डी.एड. झालो तेव्हा त्यांनी विहारात सगळ्यांना पेढे वाटले, आणि नेमणूक मिळाली ती सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीवर. एकशिक्षकी शाळा. काय सांगू तुम्हाला, शिक्षक मी, मुख्याध्यापक मी, घंटाही मीच वाजवायचो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ग्रामपंचायतीच्या मतदानाला माझी ड्युटी शेजारच्या गावात लागली, बंदोबस्ताला तडवी हवालदार. दुपारी एक म्हातारी अक्का टोपली घेऊन आली, ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी आणि ठेचा, म्हणाली खाई ल्या भाऊ, सकायपाइन उपाशी शेतस. आम्ही पाळीपाळीनं खाल्लं, मतदान काही थांबलं नाही. पण ती अक्का निघाली एका उमेदवाराची आत्या, आणि नेमका तोच निवडून आला. हरलेल्यानं कोर्टात फिर्याद लावली, की मास्तर आणि पोलीस दोघांनी ड्युटीवर उमेदवाराचं अन्न खाल्लं.

आता सरकारी नोकराचं समन्स त्याच्या साहेबामार्फत येतं, हे मला कुठं ठाऊक. तडवींचं त्यांच्या फौजदारामार्फत आलं, ते तारखेला जाऊन उभे राहिले. माझं आलं मुख्याध्यापकांच्या नावानं, म्हणजे माझ्याच. आतला फॉर्म इंग्रजी, तारीख त्यातच, आणि वरच्या मराठी पत्रात एवढंच, की आपल्या शाळेतील सदर शिक्षकास हजर ठेवावे. मला वाटलं नेहमीची चौकशी, वस्तीवरचा मास्तर शाळेत जातो का घरी झोपतो, तशी पत्रं वरचेवर यायची. मी मुख्याध्यापकाचा शिक्का मारून उत्तर लिहिलं, सदर शिक्षक शाळेत नियमित हजर असतात, माहितीस्तव सविनय सादर, आणि सगळे कागद जोडून परत पाठवले.

कोर्टाला वाटलं मास्तर थट्टा करतो. वॉरंट निघालं. वस्ती ज्याच्या बीटात त्यानं ते बजावायचं, आणि बीट होतं तडवींचं, म्हणजे एक आरोपी सायकलवर बसून दुसऱ्या आरोपीला धरायला आला. मी पाढे घेत होतो. दारात उभे राहून म्हणाले, गुरुजी, तुमना नावनं वारंट शे. मी खडू खाली ठेवला. अठ्ठेचाळीस तास कोठडीत गेले की नोकरदार निलंबित, आणि मी निलंबित म्हणजे शाळेला कुलूप, कारण दुसरा मास्तर त्या वस्तीवर कोण यायचा? पोरं नुकती कुठं वाचायला लागली होती. म्हटलं, हवालदार, बेड्या तरी पोरांसमोर नका घालू. तर ते म्हणाले, कसान्या बेड्या, जमानती वारंट शे, एक जामीन द्या नि तारखेले या, आनि मी सोता आरोपी शे, तुमले बेड्या घालसू त मले कोन घाली? पोरं हसली, मग मीपण हसलो. वस्तीतले आबा शेतातून तसेच आले, सातबारा त्यांच्या नावावर होता, जामिनावर अंगठा दिला आणि तडवींना दम भरला, आमना मास्तर ली जावाना नही, आमनाकडे हाऊ एकच शे.

तारखेला पुकारा झाला माझ्या नावाचा, आणि काय सांगू, पहिलीच्या पोरासारखा हात वर करून मी ओरडलो, हजर! न्यायाधीश म्हणाले, ते तुम्ही आधीच लेखी कळवलंय. सगळं कोर्ट हसलं. मी घडलं ते सांगितलं, वॉरंट रद्द झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी परत पाढे घेत होतो. पुढं खटल्यात अक्काची साक्ष झाली. तिनं सरळ फिर्यादीकडे बोट केलं, भाकर मन्ही व्हती, बठ्ठास्ले दिधी, यानी बी खादी, वर ठेचा मांगी लिधा. झालं, फिर्यादीच जेवलेला निघाला, आम्ही दोघं सुटलो.

शाळा त्या वस्तीवर अजून आहे, आता दोन शिक्षक आहेत. मी निवृत्त होऊन पिंप्राळ्याला घर बांधलं, तडवी नशिराबादला असतात, महिन्या-दोन महिन्यांनी स्कूटरवर येतात. बायको कळण्याच्या भाकरी टाकते, तर जेवायला बसताना तिला विचारतात, वहिनी, घरमा कोनी उमेदवार त नही ना? आणि आल्या आल्या फाटकातून कोर्टाच्या पुकाऱ्यासारखं माझं पूर्ण नाव घेतात, सगळी गल्ली ऐकते. मी आतून ओरडतो, हजर. दोघांचंही वय झालं, पण अजून तरी ते हाक मारतात आणि मी हजर असतो.