अर्क कसला, जस्त!

सर : ...आणि मग मी म्हणेन, ‘मंडळी, पेशीच्या पडद्यात बारीक दारं असतात. त्यांतून सोडियमचे कण आत घुसले की मज्जातंतू बोंब ठोकतो आणि आपल्याला दुखतं. आमच्या झाडपाल्याचा अर्क ही दारंच बंद करतो!’ इथे टाळ्या पडतील.

मॅडम : पडू देत. दारं बंद होतातच. अर्काने होत नाहीत, एवढंच.

सर : हे तू मला आत्ता सांगतेस? पडदा उघडायची वेळ झाली!

मॅडम : परवा सांगायला आले, तर तुम्ही शिंप्याला कोटाचं माप देत होतात. काल फोन केला, तर म्हणालात, बायकोसारखी बोलू नकोस, सहकाऱ्यासारखी बोल. घ्या, सहकारी बोलतेय. पाला काचेच्या भांड्यात भिजवून पाहिला. दारं सताड उघडी.

सर : मग इतकी वर्षं ती बंद कशाने होत होती?

मॅडम : बादलीने.

सर : चेष्टा पुरे.

मॅडम : आपण पाला भिजवतो ती बादली. तिला जस्ताचा मुलामा आहे, पाला आंबट आहे, मुलामा विरघळतो. पेशींना नुसतं जस्त घातलेलं पाणी दिलं, तर दारं गपकन मिटली. जस्ताचे कण दाराच्या तोंडाशीच अडकून बसतात. तुम्ही बोळात गाडी लावता ना, तसे.

सर : बरं, जस्त तर जस्त! काम होतंय ना?

मॅडम : होतंय की. दुखऱ्या नसेचं दार मिटतं, तसं हृदयाचंही मिटेल. जस्ताला काय, सगळी दारं सारखीच.

सर : अगं, पण वर्तमानपत्रात फोटो आलाय माझा!

मॅडम : छानच आलाय. ताईंनी कापून कपाटाला चिकटवलाय. आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यात. ‘माझ्या भावाचा अर्क येतोय,’ म्हणे.

सर : ताईने गोळ्या बंद केल्या?

मॅडम : सकाळपासून कण्हताहेत. तशाच तुमचं भाषण ऐकायला फोन लावून बसल्यात.

संयोजक : सर, चला, चला! सभागृह खचाखच भरलंय. मॅडम, तुम्ही पुढे बसणार ना?

मॅडम : नको. इथूनच ऐकते.

(पडद्यापलीकडे टाळ्यांचा कडकडाट. तो ओसरल्यावर माईकवरून सरांचा आवाज येतो.)

सर : मंडळी, टाळ्या परत घ्या. माझा अर्क कुचकामी आहे. जो काही गुण होता, तो बादलीच्या जस्ताचा. हे मला नाही, माझ्या बायकोला कळलं. आणि ताई, ऐकत असशील तर... आधी गोळी घे.

संयोजक : मॅडम, हे... हे भाषणात होतं?

मॅडम : नव्हतं. तुम्ही जरा गप्प बसता का? त्यांचा आवाज कापतोय. मला ऐकू द्या.