लाल कुसळांचं कणीस

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून शिवणवाल्या काकू बसल्या होत्या. शेजारी बियाणे केंद्रातले साहेब आणि त्यांचा जुना मुकादम हळू आवाजात बोलत होते.

"बाजरीचे साठही वाण तपासले. सगळे एका माळेचे मणी."

"असं कसं, साहेब? साठ गावांतून आणले होते."

"आता नव्या वाणासाठी निवडायचं कशातून?"

"बारा वर्षं वाफे चोख ठेवले मी. साठही वाफ्यांत एकसारखंच कणीस हवं म्हणून वेगळ्या कणसाचं झाड दिसलं की उपटलं."

"उपटलंस?"

"तुम्हीच म्हणायचात, भेसळ दिसता कामा नये. एक लाल कुसळांचं होतं, ते उपटताना मात्र जिवावर आलं."

"कुठल्या गावचं?"

"धरणात गेलं ते गाव, साहेब."