पोटाचा रकाना

...आणि त्या तक्त्यात पोटाचा रकानाच नाही, तुम्हाला सांगतो! उंचीचा आहे, वजनाचा आहे, पण माणूस जे पुढे घेऊन चालतो त्याची नोंदच नाही. आता बोलून काय उपयोग म्हणा. ढुंढिराज गुरुजी गेले, आणि झुंबर फुलवाला अजून त्या तक्त्याला शिव्या घालतोय... तक्त्याला कसल्या, स्वतःलाच.

दोन हजार तीन साल. पंचवटीत आरोग्य शिबिर लागलं, फुकट, म्हणून सगळं रामकुंड तिकडे लोटलं. गुरुजी पुढे, झुंबर मागे. झुंबर मखमलाबादचा, रोज झेंडूच्या गोण्या पाठीवरून घाटावर उतरवणारा, मनगट बघाल तर तुमच्या-माझ्या पोटरीएवढं. आणि गुरुजी? हातपाय उदबत्तीच्या काड्या, अन् मध्ये हे पोट... रोजची श्राद्धाची जेवणं हो, नाही म्हणावं तर यजमानाचे पितर रुसायचे! उंची दोघांची सारखीच, पाच फूट सहा इंच. गुरुजी भरले चौसष्ट किलो, झुंबर चौऱ्याऐंशी. पांढऱ्या कोटातल्या मुलीने तक्त्यावर बोट फिरवलं. "काका, तुमचा बीएमआय बावीस पॉइंट आठ, नॉर्मल. दादा, तुमचा जवळजवळ तीस, वजन जास्त."

आता गुरुजी म्हणजे पत्रिका बघणारा माणूस. जन्मात कधी एक ग्रह बघून उठले नाहीत, बाराच्या बारा घरं तपासायचे, आणि इथे एका आकड्यावर उठले! तिने 'नॉर्मल' लिहून दिलेलं कार्ड घातलं पंचांगात, मुलीचं बोलणं पुरं व्हायच्या आत निघाले, वर मागे वळून म्हणतात कसे, "काय झुंबरशेठ, फुलं विकतोस की खातोस? तक्ता कसा चुकेल?" सगळी रांग हसली.

आणि ती मुलगी मागे काय सांगत होती? "दादा, मांस कुठलं अन् चरबी कुठली, हे या आकड्याला कळत नाही. तुमचं कष्टाचं अंग आहे, घाबरू नका. पण त्या काकांना म्हणावं, कंबर मोजून घ्या, शुगर-प्रेशर तपासून घ्या. हातपाय बारीक आणि पोट पुढे, हे बरं नाही." एवढंच सांगायचं होतं हो झुंबरला! पण ती हसणारी रांग डोक्यात बसलेली. "ऱ्हाऊ दे," म्हणाला, "लय शहाणे हायेत ते, त्यांना मी काय सांगू." रुसला. चौऱ्याऐंशी किलोचा गडी लहान पोरासारखा रुसला. उद्या सांगू, परवा सांगू... आणि गुरुजी रोज हार घ्यायला आले की पंचांगातून कार्ड काढून नाचवायचे. तक्ता कसा चुकेल?

पितृपक्षात एके सकाळी गुरुजी घाटाच्या पायरीवर मटकन बसले. कपाळावर घाम, हात छातीवर. झुंबर टोपली टाकून धावला. "गुरुजी, दवाखान्यात चला. ती पोरगी म्हनली होती, तुमचं प्वाट..." आता सांगतोय! गुरुजींनी पंचांग उघडलं. "पित्त आहे रे. नॉर्मल माणसाला काय होतंय? तक्ता कसा चुकेल?" झुंबरने मनात आणलं असतं तर एका हाताने उचलून रिक्षात घातलं असतं. पण हात कसा लावणार? गुरुजी सोवळ्यात! पुढे केलेला हात तसाच मागे घेतला त्याने. गुरुजी सोडा प्यायले, दोन यजमानांची श्राद्धं उरकली, पोटभर जेवले, आणि घरी जाऊन आडवे झाले ते झालेच.

अमरधामच्या वाटेवर भावकीतली माणसं दमली, तेव्हा झुंबर पुढे झाला, तिरडीला खांदा दिला. त्या दिवशी सोवळ्याचा विषय कुणी काढला नाही.

पुढे गुरुजींच्या बायकोने, कुसुमकाकूंनी, ते कार्ड त्याच्यापुढे धरलं. "झुंबरभाऊ, यात तर सगळं नॉर्मल लिहिलंय हो. मग कसं?"

"तक्ता नाय चुकला, काकू," झुंबर म्हणाला. "मी सांगायला चुकलो."

अजून गोण्या उचलतो तो. ऐंशी किलोची असली तरी कुरकुर नाही, आणली, टेकवली, मोकळा. पण ते चौसष्ट किलो काही खांद्यावरून उतरत नाहीत... आणि वजन बघाल तर नॉर्मल, तुम्हाला सांगतो, अगदी नॉर्मल.