सरोजाची तिरकी अक्षरं

— नको, कॉम्प्युटर बंद नको करूस, रंजनी. मामा म्हणतेस ना, मग मामाचं जरा ऐक. परवा तू समजावलंस ते मला कळलंय बरं — पाककृतींखालच्या आमच्या बोलण्याला तू दोन स्टाइल दिल्यास, ‘सरोजा’ आणि ‘व्यंकोजी’. माझ्या बायकोचं बोलणं तिरक्या अक्षरांत, माझं उभ्या. स्टाइल एकदा बदलली की पुस्तकभर बदलते. तिची अक्षरं थोडी मोठी कर म्हटलं, तर अय्यो, माझं सगळं बोलणं पुढच्या पानावर ढकललं गेलं! घरीही असंच होतं — ती बोलायला लागली की माझं बोलणं उद्यावर. हसतेस? मद्रासच्या ह्या जॉर्ज टाउनात एवढे प्रेस, मला मेली हसणारीच मिळायची होती.

तर ही डांगर पचडीखालची ओळ. ‘ह्यांच्या हातची पचडी माझ्याहून बरी.’ ही उभी कशी राहिली? हिला ‘सरोजा’ लाव. एक क्लिक, बस — तिच्या बाकीच्या बोलण्यात मिसळून जाईल, पुस्तक वाचताना नातवंडांना काय कळणार — म्हणजे, कळायचंय काय त्यात! तिचीच ओळ आहे. कधी म्हणाली? दिवाळीला. नाही, गेल्या दिवाळीला ती कुठे होती — त्याच्या आदल्या. अगं, पुस्तकभर तिने माझ्या मिठाला नावं ठेवलीत, एकदा बरं म्हणाली तर तुला संशय? भुवईसुद्धा अगदी तिच्यासारखी उचलतेस.

शेवटी शेवटी मीच करायचो सगळं. उडदाचं पीठ, दही, वरून फोडणी. बोलणं बंद झालं होतं तिचं. एकदा मी ही पचडी भरवायला बसलो, तर चमचा माझ्या हातातून काढून घेतला, स्वतः खाल्ली, आणि वाटी पुसून पुन्हा पुढे केली — अजून वाढा म्हणून. आता तूच सांग, हे म्हणणंच झालं की नाही?

पुन्हा तीच भुवई?

बरं. नको करूस तिरकी. ती ओळच काढ. तिथे लिही — ‘तिने वाटी पुन्हा पुढे केली.’ कुठली स्टाइल म्हणजे? माझी. पाहिलं ते मी.

झालं? मग छापायला घे. माझ्याकडे काय बघतेस — जा.